सव्वीस ग्रॅम

काटा तीनशे तेरा दाखवत होता.

मी चिमटा उचलला, काटा शून्यावर आणला, चिमटा पुन्हा ठेवला. तीनशे तेरा. चिमटा म्हणजे सायकलचं पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारा फोर्क. हा कार्बनचा होता, इटलीहून मागवलेला, आणि दोन वर्षांपूर्वी सायकल जोडताना मीच तो याच काट्यावर तोलला होता. तेव्हा तो दोनशे सत्त्याऐंशी ग्रॅम भरला होता. आकडा माझ्या वहीत होता, आणि वही नसती तरी तोंडपाठ होता.

सकाळचे साडेसात वाजले होते. अकरा वाजता ही सायकल एका समारंभात रुक्साना मुजावरला भेट द्यायची होती.

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. कोल्हापुरात राजारामपुरीच्या मागच्या बाजूला माझं सायकलचं वर्कशॉप होतं. बाहेर 'मगदूम सायकल' अशी साधी पाटी, आणि आत शहरातल्या सगळ्यांत महागड्या सायकली. त्या आणणारे बहुतेक सगळे डॉक्टर शिरोळकरांच्या सायकल क्लबातले. डॉक्टर हेमंत शिरोळकर हाडांचे सर्जन. माझी आई पडून तिचा खुबा मोडला तेव्हा ऑपरेशन त्यांनीच केलं होतं. आई पुढं बारा वर्षं स्वतःच्या पायानं जैन बस्तीत जाऊन दर्शन घेऊन यायची, ती त्यांच्या हातामुळं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सांगताना ते विसरल्यासारखं होईल.

डॉक्टरांना हलक्या सायकलीचं वेड होतं. सोनाराकडं असतो तसला काटा त्यांनीच मला गुजरीच्या सराफबाजारातून आणून दिला होता. दर रविवारी खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढायचे. एखादा टायटॅनियमचा बोल्ट, एखादी पोकळ पिन. काट्यावर ठेवायचे आणि माझ्याकडं बघून म्हणायचे, चार ग्रॅम वाचले. हँडलच्या टेपचं टोक कापून घ्यायचे, सीटखालची नळी दोन बोटं कापून घ्यायचे. एकदा मला म्हणाले की सकाळी पोट साफ झालं की दोनशे ग्रॅम जातात, त्यांनी मोजलं होतं. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो बघून मला कसंतरीच झालं होतं. स्वतः अठ्ठ्याऐंशी किलो होते. दाढी करावी तसे गुळगुळीत केलेले पाय, वर घट्ट चड्डी, आणि पोटाखाली पाच किलो सहाशे चाळीस ग्रॅमची सायकल.

ती सायकल मात्र देखणी होती. मोत्यासारखी पांढरी. माझ्या हातून तशी दुसरी झाली नाही.

रुक्साना कागलची. वय वीस. वडील इलाही मुजावर शिंपी होते, बसस्टँडमागं त्यांचं एक मशीन मावेल एवढं दुकान. ती साडेदहा किलोच्या जुन्या स्टीलच्या सायकलवर घाट चढायची आणि क्लबातले निम्मे पुरुष मागं टाकायची. पेपरात तिचा फोटो आला, त्यानंतर आठवड्याभरात डॉक्टरांनी जाहीर केलं की आपली सायकल ते तिला देणार. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. मोठ्या मनाचा माणूस आहे असं मी घरी जाऊन बायकोला सांगितलं होतं.

सायकल आदल्या संध्याकाळी त्यांच्या ड्रायव्हरनं आणून सोडली. निरोप एवढाच की सीट खाली घे आणि पुसून ठेव. पण ती रुक्सानाकडं जाणार म्हणून मी सकाळी लवकर येऊन सगळी उघडली. बेअरिंग धुवायची, नवं ग्रीस भरायचं. चिमटा बाहेर काढला आणि सवयीनं काट्यावर ठेवला.

सव्वीस ग्रॅम जास्त.

काटा बिघडला असेल म्हणून पेडल तोललं, ते बरोबर भरलं. मग मी चिमटा उजेडात नेला. दोन पाय वर जिथं एकत्र येतात तिथला पांढरा रंग बाकीच्यापेक्षा किंचित कोरा होता. नखानं वाजवून बघितलं. सगळीकडं टणक आवाज येत होता, तिथं मात्र पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखा. मी ब्लेड घेतलं आणि रंग खरवडला. खाली भेगा बुजवायचं पुटीन निघालं, पुटीनखाली कापडाची एक पट्टी, आणि पट्टीच्या कडेला केसाएवढी काळी चीर. ती गोल फिरून मागपर्यंत गेली होती.

स्टील वाकतं, कुरकुरतं, सांगतं. कार्बन सांगत नाही. तो उतारावर, ब्रेक दाबल्यावर, एकदम जातो.

मी डॉक्टरांना फोन केला. वीस मिनिटांत ते स्वतः आले. समारंभाचा पांढरा झब्बा, अत्तराचा वास. त्यांनी काट्याशेजारी पडलेला चिमटा बघितला, खरवडलेली जागा बघितली, आणि माझ्यावर थोडे वैतागले. तुला फक्त सीट खाली घ्यायला सांगितली होती, म्हणाले. मग त्यांनी सांगून टाकलं. लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी गगनबावड्याच्या रस्त्याला चाक खड्ड्यात गेलं होतं. पडले नाहीत, पण आवाज आला होता. पुण्यात एकजण कार्बन दुरुस्त करतो, त्याच्याकडून करून घेतलं. त्या तीन आठवड्यांत डॉक्टर रविवारी आले नव्हते, पाठ दुखते म्हणाले होते, ते मला आत्ता आठवलं.

मी म्हणालो, "डॉक्टर, हे दुरुस्त झालेलं नाही. हे झाकलेलं आहे. चीर आतपर्यंत गेलीय."

"तुला आतलं दिसतं का?"

"दिसत नाही, म्हणूनच म्हणतो."

मी दुसरा चिमटा घालू म्हणालो. साधा, पाचशे ग्रॅमचा, दुकानात पडलेला होता. ते म्हणाले, मग सायकल पाच किलो साडेआठशे होईल. आकडा पत्रिकेत छापला होता, फ्लेक्सवर छापला होता. नवा मागवायचा तर महिना जाईल. आणि अकराला पाहुणे जमणार होते.

"तुम्ही यावर बसाल का?" मी विचारलं.

ते हसले. समजूत घालावी तसं माझ्या खांद्यावर हात ठेवून बोलले.

"भूपाल, मी अठ्ठ्याऐंशी किलोचा माणूस. मी बसलो तर धोका आहे, मान्य. म्हणून तर मी बसत नाही. ती किती? चव्वेचाळीस, पंचेचाळीस? तिला काय होणार आहे? तिचं वजनच किती."

रोज सकाळपासून दुपारपर्यंत हा माणूस एक्स-रे उजेडासमोर धरून लोकांच्या हाडातल्या असल्याच चिरा शोधायचा. 

त्यांनी मला धमकी दिली नाही. आईच्या खुब्याची आठवण करून दिली नाही. क्लबातली गिऱ्हाइकं दुसरीकडं नेईन म्हणाले नाहीत. माझ्याच बेसिनला हात धुतले, बोटांच्या बेचक्यांत साबण घालून, ऑपरेशनआधी धुतात तसे. रुमालाला पुसले, आणि जाताना म्हणाले की खरवडलंयस तेवढं नीट करून घे, पावणेअकराला ड्रायव्हर येईल.

मी नीट करून घेतलं.

हे कुणी माझ्या हातून करवून घेतलं नाही. मी शटर अर्धं खाली ओढलं, पुटीन भरलं, बारीक पॉलिशपेपरनं घासलं. पांढऱ्यात किंचित पिवळा आणि चिमूटभर मोत्याची पूड घालून रंग जुळवला. ब्लो ड्रायरनं वाळवला. हात जरासुद्धा हलला नाही. काम इतकं चांगलं झालं की शेवटी जोड कुठं आहे ते मलाच दिसेना, आणि त्या क्षणी मला समाधान वाटलं. त्या समाधानाची मला आजही शिसारी येते.

समारंभ एका मंगल कार्यालयात होता. फ्लेक्सवर डॉक्टरांचा फोटो पुरुषभर, रुक्सानाचा कोपऱ्यात, तिकिटाएवढा. डॉक्टरांनी भाषणात सांगितलं की एकेक ग्रॅम कमी करायला त्यांना दोन वर्षं लागली, आणि आज ती तपश्चर्या ते एका गुणी मुलीच्या पदरात टाकत आहेत. मग तिला सायकल दोन बोटांवर उचलायला लावली. एका फोटोग्राफरचा फोटो चुकला म्हणून पुन्हा उचलायला लावली. मग पेपरवाला उशिरा आला म्हणून तिसऱ्यांदा. ती प्रत्येक वेळी खरंच हसली. तिला हलकी सायकल मिळाली होती, बाकी कशाकडं तिचं लक्ष नव्हतं.

जेवणात बासुंदी होती. क्लबातली मंडळी वाट्या भरून घेत होती आणि एक किलो वजन कमी झालं तर ज्योतिबाच्या चढाला किती सेकंद वाचतात यावर वाद घालत होती. माझ्या हातातल्या वाटीवर साय धरली. मी ती चमच्यानं एका बाजूला करत राहिलो. 

इलाहीभाई मला शोधत आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात अजून मोजपट्टी, काढायची राहून गेली असावी. त्यांना सायकलीतलं फारसं कळत नव्हतं. एवढी हलकी वस्तू उतारावर टिकंल का, अशी त्यांना शंका होती. शंका त्यांनी मला विचारली आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकलं.

"तुमी बघितलीसा न्हवं भूपालभाऊ? मग झालं."

मी मान हलवली. कशाला हलवली, होकाराला की कशाला, ते त्यांनी बघितलं नाही.

मागोमाग रुक्साना आली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती ज्योतिबाला जाणार होती, वडील गावातल्या एकाच्या टेम्पोनं पायथ्याला येणार होते. तिनं मला विचारलं, "दादा, उतारावर कशी आहे?"

मला तेव्हाच सांगता आलं असतं. समोर ती होती, बाजूला कुणी नव्हतं.

"चांगली आहे," मी म्हणालो. "पहिल्यांदा जरा हळू घे."

दुसऱ्या दिवशी मी मोटरसायकलवरून ज्योतिबाला निघालो ते तिला पायथ्याला गाठायचं ठरवून. गाठलंही. म्हणजे लांबून दिसली. ती घड्याळाचं बटण दाबत होती. मी हॉर्न वाजवला असता तर थांबली असती. मी वाजवला नाही. याचं कारण इतक्या वर्षांत मी कुणाला सांगितलं नाही. मला ती सायकल चढताना बघायची होती. डॉक्टर तिच्यावर बसले की पोतं ठेवल्यासारखं दिसायचं. माझ्या हातची सगळ्यांत चांगली वस्तू पहिल्यांदा योग्य माणसाच्या हातात होती.

मी पन्नास पावलं मागं राहून गेलो. पहिल्या वळणावर ती पेडलवर उभी राहिली, आणि सायकल तिच्याखाली अशी डावी-उजवी झुलायला लागली की जणू तिला वजनच नाही. माझं लक्ष कधी तिच्या पाठीकडं, कधी चिमट्याकडं. तरी मी पुढं जाऊन तिला थांबवलं नाही. चढ संपेपर्यंत नाही.

वर वाहनतळाशी ती थांबली, घड्याळ बघितलं, आणि मागून आलेला मी तिला दिसलो. तेवीस मिनिटं चाळीस सेकंद ही तिची आतापर्यंतची सर्वांत चांगली वेळ. आज बावीस अठ्ठेचाळीस.

"बावन्न सेकंद, दादा," ती म्हणाली. धाप लागली होती, चेहरा लाल झाला होता. तिनं पाण्याची बाटली माझ्या हातात दिली, केस पुन्हा बांधले, आणि सायकल उताराकडं वळवली.

मी मोटरसायकल आडवी घातली.

"उतरू नकोस. चिमट्याला चीर आहे. वरून रंग दिलाय."

ती एक पाय टेकून तशीच उभी राहिली. आधी तिला चेष्टा वाटली असावी. मग तिनं विचारलं, "कधीपासून?"

"तीन आठवडे."

"तुम्हाला कधी कळलं?"

"काल सकाळी."

"कार्यक्रमाच्या आधी."

"हो."

ती सायकलवरून उतरली. खाली बसून चिमट्यावर बोट फिरवलं, एकदा, दोनदा. जोड तिलाही सापडला नाही. "रंग कुणी दिला?"

"आतला पुण्यात दिला. वरचा मी."

ती उठून उभी राहिली. माझ्या हाताकडं बघत राहिली. घाणेरडं काहीतरी चपलेला लागल्यावर माणूस बघतो तशी. मग तिच्या लक्षात आलं असावं की तिची बाटली माझ्याच हातात आहे. मी ती पुढं केली. तिला तहान लागलेली दिसत होती, ओठ कोरडे पडले होते.

"ठेवा तुमच्याकडं," ती म्हणाली.

मी म्हणालो की गाडीवर बस, सायकल मी हातात धरतो, नाहीतर कुणाच्या तरी टेम्पोत टाकू. तिनं ऐकल्यासारखं केलं नाही. सायकलचे बूट चालायचे नसतात, खाली लोखंडी पट्टी असते. तिनं ते काढले, हँडलला अडकवले आणि नुसत्या मोज्यांवर सायकल ढकलत घाट उतरायला लागली. मी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून मागं मागं. पूर्ण घाट. वर येणारे भाविक थांबून बघत होते. एकानं विचारलं पंक्चर झाली का, ती हो म्हणाली. मोज्यांची टाच फाटली तेव्हा मी पुन्हा एकदा बस म्हणालो. तेव्हाही ती वळली नाही.

पायथ्याला चहाच्या टपरीवर इलाहीभाई बसले होते. लेकीला पायी येताना बघून उठले. तिनं त्यांना सांगितलं की पाय आखडला म्हणून चालत आले. मग त्यांनी हौसेनं विचारलं, सायकल कशी हाय?

ती माझ्याकडं बघून म्हणाली, "लई हलकी हाय, अब्बा."

ते खूश झाले. त्यांनी तीन चहा सांगितले. माझा चहा त्यांनी स्वतः आणून हातात दिला, आणि मी तो प्यालो.

पुढचं मला दवाखान्यातल्या कंपाउंडरनं सांगितलं. सोमवारी ती सायकल ढकलत डॉक्टरांच्या दवाखान्यात गेली, बाकीच्या पेशंटसारखा नंबर लावला आणि सायकल धरून दोन तास बाकावर बसली. नंबर आला तेव्हा सायकल आत घेऊन गेली. डॉक्टरांना तिनं एवढंच सांगितलं की तुम्ही यावर बसून एकदा ज्योतिबा उतरून दाखवा, मग मी नेते. डॉक्टर म्हणाले बाहेर पेशंट थांबलेत. तिनं सायकल त्यांच्या टेबलाला टेकवून ठेवली आणि निघून गेली.

डॉक्टरांचं काही बिघडलं नाही. क्लबात त्यांनी सांगितलं की मुलीला हलकी सायकल पेलली नाही, आणि सगळ्यांना ते पटलं. पुढं बरीच वर्षं ती पांढरी सायकल त्यांच्या वेटिंग रूमच्या भिंतीवर टांगलेली होती, खाली वजनाची पाटी. माझ्याकडं ते पुन्हा आले नाहीत. त्यांची पुढची सायकल पाच किलो दोनशेची होती असं ऐकलं.

मे महिन्यात घाटाची मोठी शर्यत झाली. रुक्साना आपल्या साडेदहा किलोच्या सायकलवर उतरली आणि चौथी आली. तिसरी आलेली मुलगी तिच्यापुढं एकोणीस सेकंद होती. वजनानं काही फरक पडत नाही, पाय हवेत, असं लोक माझ्याकडून वदवून घ्यायला बघतात. मी त्यांना सांगतो की फरक पडतो. हातात चीर नसलेली हलकी सायकल असती तर रुक्साना तिसरी आली असती.

त्या शर्यतीच्या चार दिवस आधी इलाहीभाई तिची स्टीलची सायकल घेऊन वर्कशॉपवर आले. रुक्साना आली नव्हती. ब्रेक बघायचे होते, चेन बदलायची होती, आणि कागलात ते काम करणारं कुणी नव्हतं, म्हणून आले. नमस्कार केला. मी स्टूल पुढं केलं. ते बसले नाहीत.

मी काम सुरू केलं. ते सायकलच्या पलीकडं, माझ्या समोर उभे राहिले. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. मी पाना लावला की ते पान्याकडं बघायचे. मी मान वर केली तरी त्यांची नजर माझ्या हातांवरून उठायची नाही. दीड तास लागला. दीड तास ते तसेच उभे होते.

काम झाल्यावर त्यांनी खाली वाकून प्रत्येक नट स्वतःच्या बोटांनी एकेकदा फिरवून बघितला, आणि मग सायकल घेऊन गेले.